काखेतली काळी खपली

तापाचा रुग्ण आला की डॉक्टर जीभ बघतात, नाडी बघतात, पोट दाबून बघतात आणि रक्त तपासायला पाठवतात. काख सहसा कोणी बघत नाही. जांघ, स्तनाखालची घडी, करगोटा किंवा परकराची नाडी रुतते ती जागा, हे तर नाहीच नाही. २०१८ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात नागपूरच्या डॉक्टरांना नेमक्या याच जागा बघायची सवय लावून घ्यावी लागली. मेडिकल आणि मेयो या तिथल्या दोन सरकारी रुग्णालयांत तेव्हा स्क्रब टायफस या तापाचे रुग्ण येत होते, विदर्भातल्या खेड्यांतून आणि सीमेपलीकडच्या मध्य प्रदेशातून. काही दगावलेही. या आजारात अशाच एखाद्या झाकलेल्या जागी काळी खपली असू शकते, सिगारेटचा चटका बसावा तशी. ती दुखत नाही, खाजतही नाही. त्यामुळे रुग्ण स्वतःहून तिच्याबद्दल काही सांगत नाही.

'नवीन आजार आला' असं तेव्हा जो तो म्हणत होता. पण नवीन कोणाला?

दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवरचे सैनिक याच तापाने आजारी पडत होते. १९४८ मध्ये मलायात क्लोरॅम्फेनिकॉल हे औषध त्यावर चालतं हे सिद्ध झालं. आपल्याकडचंच बघायचं तर अकोल्याच्या बालरोगतज्ज्ञांनी २०१० मध्ये 'इंडियन पीडियाट्रिक्स' या नियतकालिकात रिकेट्सिया या जीवाणूंच्या गटामुळे होणाऱ्या आजारांवर सविस्तर लेख लिहिला होता. स्क्रब टायफस याच गोतावळ्यातला. म्हणजे माहिती रेल्वेने चार-पाच तासांच्या अंतरावर होती. तरी आठ वर्षांनी हा ताप नागपूरकरांना पाहुण्यासारखा वाटला. आजार जुना असतो, औषध जुनं असतं, पण रुग्णाच्या खाटेशी जो उभा आहे त्याने तो कधी पाहिलेला नसेल तर त्याच्यापुरता तो नवाच.

आजाराची गोष्ट तशी चमत्कारिक आहे. धुऱ्यावरच्या गवतात, झुडपांत माइट नावाचे अष्टपाद जीव राहतात. चावते ती फक्त त्यांची अळी. ती मिलिमीटरच्या पाचव्या भागाएवढी असते, नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसणारी. मोठी माइट माणसाच्या वाटेला जात नाही. अळी रक्तही पीत नाही. त्वचेच्या पेशी विरघळवून तो रस ओढून घेते, दोन-चार दिवस चिकटून राहते आणि गळून पडते. ती जंतू बाळगणारी असेल तर 'ओरिएन्शिया त्सुत्सुगामुशी' हा जीवाणू मागे ठेवून जाते. नाव जपानी आहे. 'त्सुत्सुगा' म्हणजे आजार आणि 'मुशी' म्हणजे किडा. ताप यायला बहुधा दहा-बारा दिवस लागतात. तोवर निंदणाला कोणत्या वावरात गेलो होतो, कुठल्या बांधावर भाकरी खाल्ली, हे कोणाच्या लक्षात राहणार? जंतू रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरात घुसतो. वाहिन्या झिरपू लागतात आणि मग फुप्फुस, मूत्रपिंड, मेंदू यांपैकी कुठेही बिघाड दिसू शकतो.

आता हे दिवस कोणते ते पाहा. पावसाळा सरत आलेला, म्हणजे नागपुरात डेंग्यूचा हंगाम. ताप, डोकेदुखी, अंगदुखी, प्लेटलेट खाली. स्क्रब टायफसमध्येही हेच. रिपोर्टवरचा प्लेटलेटचा आकडा बघून नातेवाइकांपासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांच्या मनात डेंग्यूच येतो. त्यात टायफॉइडसाठीची विडाल तपासणी. ती दुसऱ्याच कारणाने पॉझिटिव्ह येऊ शकते आणि मग टायफॉइडचे उपचार सुरू होतात. नावांनी तर आणखी घोळ घातलाय. टायफॉइड या शब्दाचा अर्थच 'टायफससारखा'. डॉक्टर टायफस म्हणतात, घरचे टायफॉइड ऐकतात, आणि 'आमच्या मावशीलाही झाला होता, पंधरा दिवसांत बरी झाली' असं म्हणत बाहेर पडतात.

फरक जिवावरचा आहे. टायफॉइडवर हमखास दिलं जाणारं सेफ्ट्रिअॅक्सोनचं इंजेक्शन इथे उपयोगाचं नाही. ते जंतूच्या भिंतीवर काम करतं, आणि हा जंतू आपल्याच पेशींच्या आत दडून बसतो, शिवाय त्याच्या भिंतीची घडणही वेगळी. लागू पडते ती डॉक्सिसायक्लिनची गोळी. स्वस्त, कुठल्याही औषधाच्या दुकानात असणारी. वेळेवर सुरू झाली तर ताप बहुतेकदा दोन दिवसांत उतरतो. उपचारच मिळाले नाहीत तर काही ठिकाणी मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांपर्यंत गेलेलं आहे. इतकं महागडं अज्ञान आणि इतकं स्वस्त औषध अशी जोडी वैद्यकात फार वेळा भेटत नाही.

साथ आली की आरोग्य कर्मचाऱ्यांना किती माहीत आहे याची पाहणी होते. ज्ञान, दृष्टिकोन आणि आचरण अशा तीन कप्प्यांची प्रश्नावली असते. आजार कशामुळे होतो? कोणत्या औषधाने बरा होतो? बरोबर उत्तरावर खूण करा, गुण मोजा. अशा पाहण्या कामाच्या असतात, नाही असं नाही. स्क्रब टायफस माणसाकडून माणसाला होत नाही एवढं एक वाक्य माहीत असेल तर वॉर्डातल्या सिस्टर, आया आणि सफाई कामगार रुग्णाजवळ जायला बिचकणार नाहीत. पण 'खपली' या उत्तराला गुण मिळवणं आणि खपली शोधणं यांत अंतर आहे, आणि ते कागदावर मोजता येत नाही.

शिवाय उत्तरपत्रिकाच बदलली तर? ११ मार्च २०२० ला नागपुरात कोविडचा पहिला रुग्ण सापडला. त्याच दिवशी जागतिक आरोग्य संघटनेने महामारी जाहीर केली. २८ मार्चला याच संघटनेने ठणकावून सांगितलं की हा आजार हवेतून पसरत नाही. त्यानंतरच्या आठवड्यात एखाद्या सिस्टरने प्रश्नावलीत 'हवेतून पसरतो' यावर खूण केली असती तर तिचा गुण कापला गेला असता. पुढे संघटनेलाच भूमिका बदलावी लागली. बरोबर होती ती सिस्टरच. मला हे उदाहरण फार आवडतं, कारण नव्या आजारात 'माहीत असणे' म्हणजे त्या दिवशीचं परिपत्रक पाठ असणे, असा आपला समज असतो.

जुनं शिकलेलं सोडून देणं तर आणखी अवघड. टेट्रासायक्लिन गटातल्या औषधांनी लहान मुलांच्या दातांवर डाग पडतात, म्हणून आठ वर्षांखाली ती द्यायची नाहीत, हे डॉक्टरांच्या पिढ्यांनी घोकलंय. डॉक्सिसायक्लिन त्याच गटातलं. थोड्या दिवसांच्या उपचारात असे डाग पडल्याचं आढळत नाही हे आता स्पष्ट झालंय, आणि रिकेट्सियाच्या तापात ते मुलांनाही देतात. तरी हात थबकतो. गोरखपूरच्या बाजूला तर मेंदूज्वराच्या साथीत वर्षानुवर्षं जपानी मेंदूज्वराचा विषाणू शोधला गेला. २०१५ नंतरच्या अभ्यासांत त्यातल्या निम्म्याहून अधिक मुलांना स्क्रब टायफस निघाला.

पुन्हा खपलीकडे येऊ. ती प्रत्येक रुग्णात असतेच असं नाही, सावळ्या त्वचेवर चटकन दिसत नाही, आणि घामाच्या ओल्या जागी ती काळी नसून नुसतं उथळ व्रणासारखी असू शकते. म्हणजे अंग नीट, कपडे बाजूला करून, उजेडात बघायला हवं. सरकारी रुग्णालयाच्या भरलेल्या जनरल वॉर्डात हे कसं जमायचं? एका खाटेवर भंडाऱ्याची म्हातारी, शेजारी तिचा नातू, पायाशी दोन नातेवाईक, आणि समोर चोवीस तास जागा असलेला तेवीस वर्षांचा इंटर्न. त्याला पुस्तकातलं सगळं पाठ आहे. म्हातारीला 'आजी, लुगडं जरा बाजूला करा' म्हणायची त्याची हिंमत होत नाही, आणि झाली तरी आजी ऐकणार नाही. तिथे ज्ञानाची कमतरता नसते. कमतरता असते एका पडद्याची, एका टॉर्चची आणि पाच मिनिटं मोकळ्या असलेल्या सिस्टरची.

रुग्णाला स्पंज करणारी, कपडे बदलणारी बाई मात्र ते अंग रोज बघते. आया असेल, सिस्टर असेल, कधी सून असेल. काळी खपली म्हणजे काय हे तिला कोणी सांगितलेलं नसतं. साथीतली व्याख्यानं सभागृहात होतात, पडद्यावर स्लाइड असतात, पुढच्या रांगेत विभागप्रमुख. ड्यूटीवरच्या आयाबाईला तिथे कोण बोलावणार? तिच्या मोबाइलवर खपलीचा एक फोटो आणि 'अशी दिसली तर लगेच सिस्टरला सांगा' एवढी मराठीत ओळ गेली तर भागतं.

तोवर किमान ताप घेऊन दवाखान्यात गेल्यावर आपणच सांगावं. गेल्या तीन आठवड्यांत वावरात गेलो होतो का, गवतात बसलो होतो का, आणि अंगावर कुठे न दुखणारी खपली आहे का. लाज वाटेल अशी जागा असली तरी.