क्ले बार खरंच घासत नाही? एका जुन्या दाव्याची पार्श्वभूमी

पुण्या-मुंबईतल्या कुठल्याही डिटेलिंग स्टुडिओचं, म्हणजे गाडीची बारकाईने सफाई आणि पॉलिश करणाऱ्या दुकानाचं, कोटेशन घ्या, वॉश आणि पॉलिशच्या मध्ये ‘क्ले ट्रीटमेंट’ ही ओळ हमखास असते: धुतलेल्या गाडीवर क्ले नावाचा मऊ गोळा फिरवून रंगाला चिकटलेली घाण काढायची. अलीकडे तर दर सर्व्हिसला क्ले करून घ्या, असा आग्रह धरणारेही भेटतात. सोबतचं वाक्य ठरलेलं असतं: क्ले काही घासत नाही, चिकटलेली घाण तेवढी ओढून काढतो, रंगाला धक्का लागत नाही. हे वाक्य अमेरिकेतल्या बाजारात रुळलं आणि तिथून जगभर गेलं. ज्या वस्तूबद्दल ते बोललं जातं, तिच्या पेटंटमध्ये मात्र वेगळंच लिहिलेलं आहे.

जुना काळ थोडक्यात सांगतो. विसाव्या शतकात बराच काळ गाडीचा रंग सिंगल स्टेज असायचा, म्हणजे रंग आणि चकाकी एकाच थरात. उन्हाने वरचा पापुद्रा मेला, हात लावला की खडूसारखी भुकटी यायला लागली, की रबिंग कंपाउंडने तो काढायचा आणि खालचा ताजा रंग वर आणायचा. फडक्याला गाडीचा रंग लागायचा आणि त्यात कुणाला वावगं वाटत नसे. अँबॅसॅडर-पद्मिनीच्या जमान्यात आपल्या गॅरेजमध्ये ‘रबिंग-पॉलिश’ चालायचं ते हेच. त्या रबिंगमध्ये रंगात रुतलेले लोखंडाचे कण, डांबराचे ठिपके, दुसऱ्या गाडीचा उडालेला रंग, सगळंच निघून जायचं. त्यामुळे या घाणीचा वेगळा विचार करायची वेळच आली नाही.

ती वेळ आणली क्लिअर कोटने. 1980 च्या दशकात गाड्यांच्या कारखान्यांनी खाली रंगाचा बेस कोट आणि वर पारदर्शक क्लिअर कोट ही पद्धत मोठ्या प्रमाणावर घेतली. हा पारदर्शक थर साधारण 40 ते 50 मायक्रॉनचा, म्हणजे माणसाच्या केसाहूनही पातळ. चकाकी त्याच्यात, आणि ऊन सोसण्यासाठी मिसळलेली अतिनील किरण शोषणारी द्रव्यंही त्याच्यात. खालचा रंग कितीही शाबूत असला, तरी हा थर गेला की पांढरट चट्टे पडतात, पापुद्रे सुटतात आणि पुन्हा रंगकाम करण्यावाचून गत्यंतर राहत नाही. सिंगल स्टेजच्या सवयीने कंपाउंड लावणं त्यामुळे महागात पडू लागलं.

घाण मात्र तशीच येत होती. अमेरिकेत नव्या गाड्या कारखान्यातून रेल्वेने जायच्या. रूळ आणि चाकांच्या घर्षणातून उडणारी लोखंडाची बारीक धूळ त्यांच्यावर बसायची, ओलाव्याने गंजायची, आणि शोरूमला पोहोचेपर्यंत पांढऱ्या गाडीवर नारिंगी ठिपके उमटलेले असायचे. तिथल्या व्यवसायात याला ‘रेल डस्ट’ म्हणतात. गाडीच्या स्वतःच्या ब्रेकमधूनही तेच येतं: डिस्क आणि पॅडमधून सुटणारे कण तापलेले असतात, ते रंगावर नुसते पडून राहत नाहीत, रुततात. या ठिपक्यांवर उपाय म्हणून ऑक्झॅलिक अॅसिडची द्रावणं वापरली जायची. बॉडी शॉपमध्ये शेजारच्या गाडीवर उडालेल्या रंगाच्या फवाऱ्याला, म्हणजे ओव्हरस्प्रेला, सॉल्व्हंट लावायचं, ब्लेडने खरवडायचं, नाहीतर पुन्हा कंपाउंड. यातल्या प्रत्येक उपायात क्लिअर कोटचा बळी जाण्याची भीती होती.

1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात जपानमध्ये यावर तोडगा निघाला. तिथल्या बॉडी शॉपमध्ये ओव्हरस्प्रे काढायला मळता येईल असा एक गोळा वापरात आला. नाव क्ले, पण त्यात नदीकाठची माती नाही. पॉलिब्युटीनसारखं मऊ, ताणलं तरी न तुटणारं प्लास्टिक, आणि त्यात मळलेली मायक्रॉनमध्ये मोजायची घर्षक पूड. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला तो अमेरिकेत पोहोचला, आधी व्यावसायिकांकडे आणि मग दुकानातल्या डब्यांत, घरी गाडी धुणाऱ्या हौशी लोकांसाठी.

आता मूळ वादाकडे. जपानी संशोधकाला अमेरिकेत या वस्तूची पेटंट मिळाली, एक 1995 मध्ये, दुसरं 1998 मध्ये. दोन्हींचा विषय आहे ‘प्लास्टिकचा, वळणारा घासण्याचा दगड’. संरक्षण मागितलंय ते मऊ प्लास्टिक आणि घर्षक कण यांच्या मिश्रणाला. पृष्ठभागावर वर आलेले उंचवटे हा मऊ दगड घासून काढतो आणि सपाट भागाला फारसा धक्का लावत नाही, अशी त्यातली मांडणी. म्हणजे कायद्याच्या कागदावर पूड हा शोधाचा गाभा ठरला. नुसत्या चिकट गोळ्यात नवं असं काय दाखवणार? मळायच्या पुट्ट्या जगात आधीपासून होत्याच.

दुकानात हीच वस्तू मांडताना विक्रेत्यांपुढे पेच होता. ग्राहकाला तोवर पुरेपूर बजावलं गेलं होतं की क्लिअर कोटवर घासायचं काही वापरू नका. त्याच ग्राहकाला ‘घासण्याचा दगड’ कोण विकणार? त्यामुळे डब्यांवर ‘नॉन-अॅब्रेसिव्ह’ आलं, ‘क्लिअर कोटला सुरक्षित’ आलं, आणि क्ले घाण ओढून घेतो ही कहाणी आली. दुसरीकडे पेटंटचे अमेरिकेतले हक्क ज्यांच्याकडे होते, त्यांनी क्ले विकणाऱ्या प्रतिस्पर्ध्यांना न्यायालयात खेचलं. टेक्ससमधल्या संघीय न्यायालयात असे खटले चालले. पेटंटच्या आधारावर भांडायचं म्हणजे समोरच्याच्या गोळ्यातही घर्षक कण आहेत हे दाखवणं आलं. कोर्टासाठी घर्षक आणि ग्राहकासाठी अघर्षक, अशा दोन भाषा एकाच वस्तूसाठी एकाच काळात चालल्या. पेटंटचं आयुष्य 2010 च्या दशकात सरलं, स्वस्त क्ले जगभर मिळू लागला, पण डब्यावरचं वाक्य तसंच राहिलं.

ओढून घेण्याची कहाणी साफ खोटी आहे, असं मी म्हणणार नाही. क्लेचं काम जवळून पाहिलं की दोन्ही गोष्टी दिसतात. गाडी नीट धुतल्यावर हातात पातळ प्लास्टिकची पिशवी घालून बोनेटवरून बोटं फिरवा. उघड्या बोटांना गुळगुळीत वाटणारा भाग पिशवीतून खरखरीत लागतो. मग साबणाचं पाणी किंवा क्विक डिटेलर (पृष्ठभाग निसरडा करणारा तयार फवारा) भरपूर फवारून चपटा केलेला क्ले सरळ रेषेत, दाब न देता फिरवायचा. पहिल्या काही फेऱ्यांत तो अडखळतो, बारीक खरखर ऐकू येते. मग आवाज मावळतो आणि क्ले घसरू लागतो. उलटा करून पाहिलात तर त्यावर करड्या-तपकिरी रेघा असतात. सपाट रंगावर द्रवाचा थर क्लेला तरंगता ठेवतो. त्या थरातून डोकं वर काढलेला कण तेवढा क्लेच्या वाटेत येतो, पुडीने घासला जातो, मोडतो आणि मऊ प्लास्टिकमध्ये जाऊन बसतो. ओढणं आहे, पण त्याआधी कापणं आहे.

आणि द्रवाचा थर कमी पडला की तेच कापणं क्लिअर कोटवर होतं. काळ्या गाडीवर, विशेषतः मऊ क्लिअर कोट असलेल्या गाडीवर, हेवी ग्रेडचा क्ले फिरवून एलईडी टॉर्च तिरपा धरा: धुरकट, बारीक ओरखड्यांचा पट्टा दिसेल. डिटेलिंगमध्ये याला ‘मारिंग’ म्हणतात. ओरखडे क्लेच्या पुडीचे नाहीत, त्यात अडकलेल्या घाणीचे आहेत, असं क्लेची बाजू घेणारे सांगतात. अर्धी गोष्ट खरी आहे. म्हणूनच क्ले सारखा दुमडून नवी बाजू वर आणायची असते, आणि जमिनीवर पडलेला क्ले कितीही महाग असला तरी थेट कचऱ्यात टाकायचा असतो. पण कोऱ्या, नुकत्या उघडलेल्या हेवी क्लेनेही मऊ रंगावर मारिंग येतं, आणि फाइन ग्रेडने ते पुष्कळ कमी येतं. फरक घाणीचा असता तर ग्रेडने एवढा फरक पडला नसता. मुळात वस्तू अघर्षक असती, तर फाइन, मीडियम, हेवी अशा ग्रेड कशाच्या जोरावर ठरवल्या असत्या?

अनुभवी डिटेलर याच कारणाने क्लेनंतर निदान एक हलका पॉलिशिंग पास ठेवतात. क्ले करून थेट वॅक्स लावून गाडी देणं पांढऱ्या किंवा चंदेरी रंगावर खपून जातं, काळ्यावर नाही.

पुढचा मोठा बदल 2010 च्या आसपास आला, आणि माझ्या मते क्लेनंतरचा या क्षेत्रातला सगळ्यात महत्त्वाचा बदल तोच: आयर्न रिमूव्हर. यात थायोग्लायकोलेट असतं, पार्लरमध्ये केस कुरळे करताना पर्मिंगच्या लोशनमध्ये असतं तेच, म्हणून वासही तसाच उग्र. फवारलं की लोखंडाच्या कणांशी संयोग होऊन जांभळे ओघळ वाहू लागतात आणि कण विरघळून पाण्याबरोबर निघून जातात. क्ले कणाचं वर आलेलं डोकं कापतो, रुतलेला भाग खाली राहू शकतो आणि पुन्हा गंजू शकतो. रसायन त्या भागापर्यंतही पोहोचतं, तेही रंगाला न घासता. क्रम त्यामुळे बदलला: आधी धुणं, मग आयर्न रिमूव्हर, मग डांबर काढणारं सॉल्व्हंट, आणि एवढं करूनही पिशवीतून खरखर लागली तरच क्ले. याच सुमारास रबरासारख्या पॉलिमरचा थर दिलेले क्ले मिट (हातमोजे) आणि क्ले टॉवेल आले. ते खाली पडले तर धुऊन पुन्हा वापरता येतात आणि काम झपाट्याने होतं. पण त्यांच्यावर सहज जोर दिला जातो, आणि मारिंगचा धोका तिथेही आहेच.

भारतात क्ले घराघरात पोहोचला तो सेरॅमिक कोटिंगच्या, म्हणजे क्लिअर कोटवर लावायच्या पातळ संरक्षक थराच्या, लाटेबरोबर. कोटिंग खालच्या पृष्ठभागाला थेट धरतं, त्यामुळे आधी तो स्वच्छ करावाच लागतो, आणि तिथे क्लेची जागा रास्त आहे. दर सर्व्हिसला क्ले हा मात्र वेगळा मामला. आपल्याकडच्या बऱ्याच तक्रारींवर क्ले हा उपायच नाही. बोअरवेलच्या जड पाण्याचे, उन्हात वाळून रंगात खड्डा पाडलेले डाग क्लेने जात नाहीत. त्यांना आधी अॅसिडिक वॉटर स्पॉट रिमूव्हर लागतो आणि खड्डा राहिलाच तर पॉलिशिंग. बांधकामाशेजारी उभ्या गाडीवर पडलेल्या सिमेंटच्या शिंतोड्यांवर क्ले फिरवणं म्हणजे वाळू रंगावर फिरवणं. सिमेंट आधी रसायनाने सैल करून घ्यावं लागतं. साखर कारखान्याच्या पट्ट्यात गाडीवर बसणारी बगॅसची (उसाच्या चिपाडांची) काळी राख बहुतेकदा नुसत्या पाण्याच्या जोराने जाते. याउलट सोसायटीच्या बाहेरच्या भिंती रंगवताना खालच्या गाड्यांवर उडालेला बारीक रंगाचा फवारा काढायला फाइन क्लेइतकं चोख काही नाही. जपानी बॉडी शॉपमध्ये तो नेमक्या याच कामासाठी आला होता.

सध्याचा वाद कोटिंग केलेल्या गाडीचा आहे. काही महिन्यांनी पृष्ठभाग पुन्हा खरखरीत लागतो, पाण्याचे मणी बनेनासे होतात, आणि मालक क्ले मागतो. कोटिंगचा थर क्लिअर कोटच्या तुलनेत फारच पातळ, जेमतेम मायक्रॉन-दोन मायक्रॉनचा असतो, त्यामुळे क्ले फिरवला तर घाणीबरोबर कोटिंगही झिजतं. जबाबदार स्टुडिओ आधी आयर्न रिमूव्हर आणि अॅसिडिक वॉशवर भागवून पाहतात. त्यात बहुतेकदा मणी परत येतात, कारण कोटिंग गेलेलं नसतं, घाणीखाली दबलेलं असतं. क्ले करणं भागच असेल, तर फाइन ग्रेड, भरपूर लुब्रिकंट आणि त्यानंतर टॉपर (कोटिंगवर लावायचा हलका संरक्षक लेप) किंवा कोटिंगचा नवा थर, हे कोटेशनमध्ये आधीच लिहून घेतात.