शेपटी विरघळवणारी कात्री

आमच्या कोथरूडच्या सोसायटीतले एक काका परवा सकाळीच रिपोर्ट घेऊन दारात उभे. ऑफर होती म्हणून ‘फुल बॉडी चेकअप’ केलेलं. सीईए ६.१, शेजारी लाल बाण. “आतड्याचा कॅन्सरच ना रे?”

मी विचारलं, “काका, सिगरेट दिवसाला किती?”

सीईए हे प्रथिन १९६५ साली मॉन्ट्रियलच्या फिल गोल्ड आणि सॅम्युअल फ्रीडमन यांना सापडलं. गर्भाच्या आतड्यात ते भरपूर असतं, जन्मानंतर नावापुरतं उरतं आणि मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये पुन्हा वाढतं. पण धूम्रपानानं आणि यकृताच्या दुखण्यानंही वाढतं. ऑपरेशननंतर गाठ पुन्हा डोकं वर काढतेय का, यावर पाळत ठेवायला ते उपयोगी. धडधाकट माणसात कॅन्सर हुडकायला नाही. पॅकेज विकणारे हे सांगत नाहीत. तोवर काकूंच्या भिशीतून गव्हांकुराच्या रसाचा सल्लाही येऊन पोचला होता.

मला खरं कुतूहल आहे ते गाठ किती आडदांड आहे, याचं. आतड्याच्या अस्तराखाली कोलॅजन नावाच्या चिवट प्रथिनाची बारीक जाळी असते. कॅन्सरच्या पेशीला बाहेर पडायचं तर आधी ही जाळी कापायला हवी. कापणारी कात्री सापडली ती मात्र बेडकात! पावसाळ्यात डबक्यांत वळवळणाऱ्या बेडकाच्या पिल्लांची शेपटी पुढे जाते कुठे? १९६२ साली जेरोम ग्रॉस आणि शार्ल लापिएर यांनी त्या शेपटीचे तुकडे कोलॅजनच्या जेलीवर ठेवले, तर तुकड्याखालची जेली विरघळली. जेली विरघळवणाऱ्या त्या एन्झाइमची वीसहून जास्त भावंडं आपल्या शरीरात आहेत. त्यांना एमएमपी म्हणतात.

या कात्रीच्या पात्यात जस्ताचा एक अणू असतो. हिस्टिडीन नावाची तीन अमिनो आम्लं त्याला धरून ठेवतात. चौथी जागा अडवतं सिस्टीन या आणखी एका अमिनो आम्लातलं गंधक, तेच कुलूप. दुसऱ्या एखाद्या एन्झाइमनं हा अडसर छाटला की तिथे पाण्याचा रेणू येतो, जस्त त्याला धार लावतं आणि तो प्रथिनाची साखळी तोडतो. गंमत म्हणजे यातल्या बऱ्याच कात्र्या कॅन्सरच्या पेशी बनवतच नाहीत. आजूबाजूच्या भोळ्या पेशी आणि पांढऱ्या पेशी त्या पुरवतात. घरभेदीच म्हणायचे!

एमएमपी-७ आणि एमएमपी-९ जास्त असलेल्या गाठी वाईट वागतात, असं बऱ्याच अभ्यासांत दिसलं, सगळ्यांत नाही. म्हणून गाठीच्या तपासणीच्या नेहमीच्या रिपोर्टात ती नसतात. तिथे दिसतात एमएलएच१, एमएसएच२ वगैरे डीएनए-दुरुस्तीची प्रथिनं. ती गायब असतील तर उपचारांची दिशा बदलते.

मग कात्रीच बोथट केली तर? १९९०च्या दशकात मारिमास्टॅट नावाचं औषध आलं, गाजावाजाही झाला. रुग्णांचे सांधे धरले, कॅन्सर काही हटला नाही. जखम भरायलाही याच कात्र्या लागतात.

काकांची कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीनं मोठ्या आतड्याची तपासणी, झाली. अस्तरावर वाढलेला एक छोटा कोंब, म्हणजे पॉलिप, निघाला, तो तिथल्या तिथे काढला. सिगरेट मात्र गच्चीवर चालू आहे. काकूंना पत्ता नाही, असा त्यांचा समज आहे.