किंगकोब्रा: उत्पादनापर्यंत न पोहोचलेल्या हेलिकॉप्टरची पार्श्वभूमी

व्हिएतनाम युद्धात सैनिकांची ने-आण करणाऱ्या ह्युई हेलिकॉप्टरांना संरक्षण देण्यासाठी अमेरिकेच्या बेल कंपनीने ह्युईच्याच यंत्रणेवर जेमतेम ९१ सेंटिमीटर रुंदीचे, सडपातळ, शस्त्रसज्ज कोब्रा हेलिकॉप्टर बांधले. ७ सप्टेंबर १९६५ रोजी त्याचे पहिले उड्डाण झाले आणि १९६७ मध्ये ते रणांगणावर आले. लष्कराच्या लेखी मात्र ही तात्पुरती सोय होती. खरी भिस्त लॉकहीड कंपनीच्या शायान या अतिवेगवान हल्लेखोर हेलिकॉप्टरवर होती. तांत्रिक अडचणी आणि एका जीवघेण्या अपघातानंतर १९६९ मध्ये शायानचा उत्पादन करार रद्द झाला, तेव्हा बेलने स्वतःच्या पैशाने कोब्राची मोठी आवृत्ती, म्हणजे मॉडेल ३०९ किंगकोब्रा, हाती घेतली.

समुद्रावर वावरणाऱ्या अमेरिकेच्या मरीन कोअर या सैन्यदलाला दोन इंजिनांचे हेलिकॉप्टर हवे होते, तर लष्करासाठी एकच पण शक्तिशाली टी५५ इंजिन बसवायचे ठरले, म्हणून दोन नमुने तयार झाले. त्यांपैकी दुहेरी इंजिनाचा नमुना १० सप्टेंबर १९७१ रोजी उडाला. रोटरचा, म्हणजे वर फिरणाऱ्या पात्यांच्या चक्राचा, व्यास कोब्राच्या १३.४ मीटरवरून १४.६ मीटरवर गेला, पाती रुंद झाली आणि शेपटीचा दांडा लांब व भक्कम करण्यात आला. सर्वांत महत्त्वाचा बदल लांबवलेल्या नाकात होता. तेथे उष्णतेवरून प्रतिमा घेणारा कॅमेरा, अंधुक प्रकाशातही चालणारा टीव्ही कॅमेरा आणि लेझर अंतरमापक एकत्र बसवले होते, जेणेकरून तोफचीला रात्रीही रणगाडा हेरून त्यावर टो हे रणगाडाभेदी क्षेपणास्त्र सोडता यावे. माझ्या मते किंगकोब्राचे खरे मोल या दृष्टियंत्रणेत होते, कारण लष्कराचे लक्ष तेव्हा जंगलातील लढाईकडून युरोपातील सोव्हिएत रणगाड्यांकडे वळू लागले होते.

एप्रिल १९७२ मध्ये एकेरी इंजिनाचा नमुना अपघातग्रस्त झाला. चाचण्या खंडित होऊ नयेत म्हणून बेलने दुसऱ्या नमुन्यातील जोड-इंजिन काढून तेथे टी५५ बसवले. शायान आणि सिकोर्स्की कंपनीचे एस-६७ हेलिकॉप्टर यांच्यासह त्याचे मूल्यमापन झाले, पण लष्कराने तिन्ही नाकारली आणि दोन इंजिनांच्या नव्या हेलिकॉप्टरसाठी वेगळी स्पर्धा जाहीर केली. त्या स्पर्धेत डिसेंबर १९७६ मध्ये ह्यूजेसचे अपाचे विजयी झाले, आणि दोन पात्यांच्या रोटरलाच चिकटून राहिलेले बेलचे वायएएच-६३ मागे पडले. किंगकोब्रासाठी विकसित केलेले रोटर व गिअरबॉक्सचे तंत्रज्ञान मात्र मरीन कोअरच्या एएच-१टी सीकोब्रा या कोब्राच्या आवृत्तीत उतरले.