अब्रू (अमेरिकी राजकारणातील)

अमेरिकी प्रजासत्ताकाच्या पहिल्या पाऊणशे वर्षांत राजकीय पुढाऱ्यांच्या वागण्यावर ‘ऑनर’ या कल्पनेची जबर पकड होती. मराठीत तिच्या सर्वांत जवळचा शब्द अब्रू. सद्गुण माणसाच्या अंगी असतो. अब्रू चारचौघांच्या नजरेत असते, म्हणून ती कोणीही हिरावू शकतो. १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचे शेवटचे वाक्य प्राण, संपत्ती आणि ‘पवित्र अब्रू’ पणाला लावते. पुढे राज्यघटनेने सरदारकीच्या पदव्यांना मनाई केली. जन्माने मिळणारा दर्जा गेला आणि पक्षसंघटना अजून कच्च्या होत्या. अशा वेळी पुढाऱ्याचे भांडवल म्हणजे त्याचे नाव.

देशाचा पहिला अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन याच्या मृत्यूत हे सर्वांत स्पष्ट दिसते. १८०४ मध्ये उपाध्यक्ष ॲरन बर न्यूयॉर्कच्या गव्हर्नरपदाची निवडणूक हरला. हॅमिल्टनने आपल्याविषयी हीन मत व्यक्त केल्याचा उल्लेख ऑल्बनीच्या वर्तमानपत्रात छापून आल्याचे त्याला कळले आणि त्याने खुलासा मागितला. हॅमिल्टनने शब्दांचा कीस काढला, पण माफी मागितली नाही. ११ जुलैच्या सकाळी हडसन नदीपलीकडे वीहॉकेनच्या कड्याखाली दोघांनी पिस्तुले उचलली. हॅमिल्टन दुसऱ्या दिवशी वारला. १८०१ मध्ये त्याचा थोरला मुलगा फिलिपही द्वंद्वातच गेला होता, तरीही तो मागे हटला नाही. आधी लिहून ठेवलेल्या टिपणात त्याने द्वंद्व आपल्या धर्मतत्त्वांविरुद्ध असल्याचे म्हटले आहे. मात्र नकार दिला तर पुढे देशाच्या उपयोगी पडण्याची आपली ताकद जाईल, अशी भीतीही त्यात आहे. म्हणून याला निव्वळ रागाचे प्रकरण मानणे चूक ठरेल. बरवर खुनाचा आरोप झाला, तरी उपाध्यक्षपदाची मुदत त्याने पुरी केली.

१८३८ मध्ये मेन राज्याचा प्रतिनिधी जोनाथन सिली द्वंद्वात केंटकीचा प्रतिनिधी विल्यम ग्रेव्हज याच्या गोळीने मेला. त्यानंतर, १८३९ मध्ये, काँग्रेसने (अमेरिकी संसदेने) राजधानीच्या हद्दीत द्वंद्वाचे आव्हान देणे-घेणे गुन्हा ठरवले.

दक्षिणेत ही कल्पना अधिक टिकली, आणि तिथेच तिचे काळे अंग उघडे पडते. अब्रू मालकाला होती. गुलामाच्या शब्दाला गोऱ्याविरुद्ध कोर्टात साक्ष म्हणूनही जागा नव्हती. मे १८५६ मध्ये मॅसॅच्युसेट्सचे सिनेटर चार्ल्स समनर यांनी गुलामगिरीवर घणाघाती भाषण केले आणि त्यात दक्षिण कॅरोलायनाचे सिनेटर अँड्र्यू बटलर यांची निर्भर्त्सना केली. बटलर यांचा नातलग असलेला प्रतिनिधी प्रेस्टन ब्रुक्स २२ मे रोजी सिनेटच्या सभागृहात शिरला आणि त्याने समनर यांना काठीने बेशुद्ध होईपर्यंत मारले. द्वंद्व बरोबरीच्या माणसाशी करायचे असते. काठी उचलण्यातच समनर यांना कमी लेखणे होते. ब्रुक्सने राजीनामा दिला, पण मतदारांनी त्याला पुन्हा निवडले. चाहत्यांनी नव्या काठ्या भेट पाठवल्या. समनर यांना सिनेटमध्ये परतायला सुमारे तीन वर्षे लागली. मॅसॅच्युसेट्सने त्यांनाच पुन्हा निवडून त्यांची जागा राखली. रिकामी खुर्ची हेच तिथल्या लोकांचे उत्तर होते. त्या खुर्चीतला मान मला ब्रुक्सच्या काठीपेक्षा कितीतरी मोठा वाटतो.

यादवी युद्धानंतर द्वंद्वे जवळजवळ संपली. शब्द मात्र राहिला: जानेवारी १९७३ मध्ये अध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी व्हिएतनाम कराराला ‘सन्मानाची शांतता’ (‘पीस विथ ऑनर’) म्हटले. केंटकीत पदाधिकाऱ्यांना आजही शपथ घ्यावी लागते की आपण प्राणघातक शस्त्राने द्वंद्व खेळलेलो नाही, आव्हान दिलेले नाही आणि कोणाच्या द्वंद्वात साहाय्यही केलेले नाही.