एक्स-वायच्या आधी काळा, निळा, पिवळा

माझी भाची यंदा दहावीला आहे, इथेच ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, हिंदी मीडियमला. डिसेंबरातल्या एका रविवारी वही घेऊन आली आणि म्हणाली, मावशी, समीकरण दिलं तर सोडवते गं, पण इबारती सवाल आला की डोकं बंदच पडतं. (महाराष्ट्रात ज्याला शाब्दिक उदाहरण म्हणतात त्याला आमच्या ग्वाल्हेरात शाळेत इबारती सवाल म्हणतात, घरी मराठी आणि शाळेत हिंदी असल्यामुळे आमच्या मुलांना दोन्ही शब्द माहीत असतात.) वहीत बघितलं तर प्रत्येक उत्तराची सुरुवात "माना कि एक्स" आणि त्यापुढे पान कोरं. मला वाईट वाटलं, कारण ही दोन अज्ञातांची, म्हणजे दोन न माहीत असलेल्या संख्या शोधायची, गणितं एक्स-वायपेक्षा कितीतरी जुनी आहेत, आणि तो इतिहास मुलांना कोणी सांगितला तर निम्मी भीती जाईल असं मला मनापासून वाटतं. म्हणून हे लिहितेय.

आधी अक्षरांचंच बघू. अज्ञात आणि ज्ञात अशा दोन्ही संख्यांसाठी पद्धतशीर अक्षरं वापरायची रीत फ्रान्समधल्या व्हिएतने १५९१ मध्ये आणली, आणि अज्ञातासाठी एक्स, वाय, झेड ही शेवटची अक्षरं रूढ झाली ती देकार्तच्या १६३७ च्या भूमितीच्या पुस्तकापासून. म्हणजे चारशे वर्षंसुद्धा झाली नाहीत. आपल्याकडे ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ मध्येच एकापेक्षा जास्त अज्ञात असलेली समीकरणं सोडवायचे नियम दिलेत, आणि तो अज्ञातांना म्हणतो वर्ण, म्हणजे रंग. पुढे भास्कराचार्यांकडे तर यादीच आहे, पहिलं अज्ञात यावत्तावत्, म्हणजे जेवढं असेल तेवढं, मग कालक, नीलक, पीतक, लोहितक. लिहिताना पहिलं अक्षर घ्यायचं, या, का, नी, पी, लो. नुसत्या संख्येला रू, रूप या शब्दाचं, आणि वजा असेल तर त्या संख्येच्या डोक्यावर एक टिंब. धन आणि ऋण हे शब्दही तेव्हाचेच, पैसा आणि कर्ज या अर्थाने ब्रह्मगुप्ताने वापरलेले, आणि आपण मराठीत आजही धन संख्या, ऋण संख्या म्हणतोच की.

आता ग्वाल्हेरची गोष्ट, आणि ही मला फार जवळची आहे. किल्ल्याच्या चढावर एकाच दगडात कोरलेलं छोटंसं चतुर्भुज मंदिर आहे, वर जाणारे बरेच जण त्याच्यावरून तसेच पुढे निघून जातात. तिथल्या शिलालेखात संवत ९३३, म्हणजे इ.स. ८७६, असं साल आहे आणि देवाच्या फुलबागेसाठी दिलेल्या जमिनीचं माप आहे, लांबी २७० हात, रुंदी १८७ हात, शिवाय रोजच्या ५० माळा. त्या २७० आणि ५० मधलं शून्य बघायला जगभरातून गणितवाले येतात. मी भाचीला तीच बाग दिली, पण उलटी करून: लांबी-रुंदीची बेरीज ४५७ हात, फरक ८३ हात, सांग बाग केवढी. तिने लगेच "माना कि" लिहायला घेतलं, मी पेन काढून घेतलं. म्हटलं, लांबी जेवढी जास्त आहे तेवढा तुकडा रुंदीलाही जोडला तर काय होईल? दोन्ही सारख्या होतील, म्हणाली. मग ४५७ आणि ८३ मिळून ५४०, त्याचं निम्मं २७०, आणि ४५७ मधून ८३ गेले की ३७४, निम्मं १८७. याला जुन्या गणितात संक्रमण म्हणतात, आणि भास्कराचार्यांनी लीलावतीत याचं जे उदाहरण घातलंय त्यात बेरीज १०१ आणि फरक २५ आहे, उत्तर ६३ आणि ३८. तिथे विचारताना ते "वत्स" म्हणतात, बाळा, तुला संक्रमण येत असेल तर सांग.

ग्वाल्हेरात तो लेख कोरला गेला त्याच काळात दक्षिणेत राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या राज्यात महावीराचार्य होऊन गेले, जैन गणिती, त्यांचा गणितसारसंग्रह साधारण इ.स. ८५० चा. त्यातलं एक गणित असं की ९ महाळुंगं (लिंबाच्या जातीचं मोठं फळ) आणि ७ कवठं यांची किंमत १०७, आणि ७ महाळुंगं व ९ कवठं यांची १०१, तर एकेकाची किंमत किती. नियमही त्यांनी दिलाय, मोठी किंमत मोठ्या संख्येने गुणा, लहान किंमत लहान संख्येने, वजा करा आणि दोन संख्यांच्या वर्गांच्या फरकाने भागा: ९६३ वजा ७०७ म्हणजे २५६, ८१ वजा ४९ म्हणजे ३२, भागाकार ८. महाळुंग ८ ला, कवठ ५ ला. विलोपन विधी, म्हणजे एक अज्ञात घालवून दुसरं काढायची रीत, म्हणून आमची मुलं जे घोकतात ते हेच, फक्त बाजारात उभं राहून केलेलं.

कवठ भाचीला माहीत होतं, महाळुंग नव्हतं, म्हणून मी गजक घेतली, तिळाची मिठाई. थंडीत आमच्याकडे घरात डबा असतोच. गुळाच्या गजकचे ३ डबे आणि साखरेच्या गजकचे २ डबे मिळून ८४० रुपये, आणि उलट, २ गुळाचे ३ साखरेचे, तर ८१०. इथे अजून सोपी वाट आहे. दोन्ही खरेद्या एकत्र केल्या तर दोन्हीचे ५-५ डबे आणि १६५० रुपये, म्हणजे एक जोडी ३३० ची. आणि पहिल्या खरेदीतून दुसरी वजा केली तर राहतं एवढंच की गुळाचा डबा साखरेच्या डब्यापेक्षा ३० ने महाग. बेरीज ३३०, फरक ३०, अरे हे तर बागेचंच गणित! १८० आणि १५०, हे तिने तोंडी सांगितलं. सहगुणकांची, म्हणजे अज्ञातांपुढच्या आकड्यांची, अदलाबदल असलेलं हे उदाहरण महाराष्ट्र बोर्डाच्या दहावीच्या पुस्तकात असतं, तिथेही बेरीज आणि वजाबाकीच करायला सांगतात, पण हे महावीराचार्यांच्या कवठांपासून चालत आलंय हे मुलांना कळलं तर किती बरं.

असा विचार करणारे फक्त आपणच होतो असं मात्र नाही हं. चीनमधल्या सुनत्झू या जुन्या गणितीच्या पुस्तकात एका पिंजऱ्यात रानकोंबड्या आणि ससे आहेत, डोकी ३५, पाय ९४. पाय निम्मे करा, ४७, त्यातून डोकी वजा करा, १२ ससे, आणि उरलेल्या २३ रानकोंबड्या. का चालतं ते नीट विचार केला की कळतं, निम्मे केल्यावर कोंबडीचा एक पाय उरतो आणि सशाचे दोन, म्हणजे डोक्यांपेक्षा जे जास्तीचे ते सगळे सशांचे.

पण माझं सगळ्यात आवडतं गणित भास्कराचार्यांच्या बीजगणितातलं, ११५० च्या सुमाराचं. दोन मित्र बोलताहेत. एक म्हणतो, सख्या, मला शंभर दे, मी तुझ्या दुप्पट श्रीमंत होईन. दुसरा म्हणतो, तूच मला दहा दे, मी तुझ्या सहापट होईन. कोणाकडे किती? आपण असतो तर इथे दोन अज्ञातं घेतली असती. ते एकातच भागवतात, आणि कसं बघा. शंभर देऊन दुसऱ्याकडे जे उरलं तेच यावत्तावत् धरायचं. मग त्याच्याकडे आधी होते या १ रू १००, म्हणजे एक या अधिक शंभर, आणि पहिल्याकडे शंभर मिळाल्यावर दुप्पट झाले म्हणजे आधी होते या २, वजा शंभर. पहिली अट धरतानाच पुरी झाली! दुसऱ्या अटीतून या येतं ७०, म्हणून एकाकडे ४० आणि दुसऱ्याकडे १७०. काय मानायचं हे ठरवण्यातच सगळं कौशल्य आहे, आणि "माना कि" लिहून थांबणाऱ्या मुलीला नेमकं तेच कोणी दाखवलेलं नसतं.

हे ज्ञान पुढे कसं टिकलं तेही थोडं सांगते. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवायला त्यांचा नातू चांगदेव याने चाळीसगावजवळच्या पाटणला मठ काढला, १२०७ चा शिलालेख आहे. फैजीने १५८७ मध्ये अकबरासाठी लीलावती फारसीत नेली, शहाजहानच्या काळात बीजगणितही फारसीत गेलं, आणि १८१७ मध्ये कोलब्रुकने दोन्ही इंग्रजीत आणली. आणि आपल्या मध्य प्रदेशाचा धागा म्हणजे बापूदेव शास्त्री, १८२१ चा जन्म, मराठी माणूस, भोपाळजवळच्या सीहोरला विल्किन्सन या इंग्रज अधिकाऱ्याच्या पाठशाळेत शिकले आणि पुढे बनारसच्या संस्कृत कॉलेजात गणित शिकवलं. जुनं सिद्धांतगणित, म्हणजे आपल्या खगोलग्रंथांतलं गणित, आणि नवं युरोपी गणित दोन्ही येणारा, आणि हिंदीत बीजगणिताचं पुस्तक लिहिणारा माणूस.

दोन मित्रांचं गणित मी भाचीला शेवटी दिलं, पद्धत न सांगता. बराच वेळ काही लिहिलं नाही तिने, मग एका बाजूला "पहिला", एका बाजूला "दुसरा" लिहून मध्ये बाण काढले, शंभरचा इकडे, दहाचा तिकडे. दोनदा चुकली, कारण देणाऱ्याचे कमी करायला विसरत होती. तिसऱ्यांदा १७० आणि ४० आलं, आणि मी काही बोलायच्या आत तिनेच मोठ्याने ताळा केला, शंभर दिले तर याच्याकडे १४० आणि त्याच्याकडे ७०, बरोबर दुप्पट.