विज्ञान शिक्षणाच्या एका द्वैमासिकाची पार्श्वभूमी

विदर्भातल्या खेड्यांतील शिक्षकांना आणि वरच्या वर्गातल्या विद्यार्थ्यांना विज्ञान शिक्षणाचे एखादे नियतकालिक सुचवायचे झाल्यास ‘शैक्षणिक संदर्भ’ या द्वैमासिकाचे नाव आधी घ्यावे लागते. ते १९९९ मध्ये पुण्यातून सुरू झाले. त्याची मुळे मात्र होशंगाबादेत (आताचे नर्मदापुरम), म्हणजे १९५६ पर्यंत विदर्भ ज्या राज्यात होता त्या मध्य प्रदेशात आहेत. हाताने काम करत शिकण्याचा आग्रह गांधीजींच्या अध्यक्षतेखालील वर्ध्याच्या शिक्षण परिषदेने १९३७ मध्येच धरला होता; विज्ञानाच्या तासाला तो कसा उतरवावा, हे होशंगाबादच्या शाळांनी दाखवले.

तेथे १९७२ मध्ये १६ ग्रामीण शाळांत सहावी ते आठवीसाठी प्रयोगांवर आधारलेला कार्यक्रम सुरू झाला आणि १९७८ मध्ये तो जिल्हाभर पोचला. मुले गटाने प्रयोग करीत, निष्कर्ष स्वतः लिहीत, आणि परीक्षेत पुस्तक व वही उघडून पाहण्याची त्यांना मुभा असे. अशा वर्गात येणारे प्रश्न पाठ्यपुस्तकाच्या पलीकडचे असत. त्यांना सामोरे जाणाऱ्या शिक्षकांसाठी १९९४ मध्ये हिंदी ‘संदर्भ’ निघाले आणि त्यापासून प्रेरणा घेऊन मराठी अंक आला.

जुलै २००२ मध्ये मात्र मध्य प्रदेश सरकारने होशंगाबादचा हा कार्यक्रम थांबवला. तोवर तो हजाराच्या आसपास शाळांत चालू होता. दहावीचे निकाल खालावतात, हे त्यासाठी दिलेले एक प्रमुख कारण होते. हे कारण न पटण्यासारखे आहे, कारण दहावीच्या निकालात गणित आणि इंग्रजीचा, शिक्षकांच्या रिक्त जागांचा आणि मधल्या दोन वर्षांच्या अध्यापनाचाही वाटा असतो. त्या साऱ्याचे खापर आठवीपर्यंतच्या विज्ञानावर फोडता येत नाही. तीस वर्षे शिक्षकांनी वर्गात घडवलेली पद्धत एका आदेशाने बंद झाली, याची हळहळ आजही वाटते.

कार्यक्रम थांबला तरी त्यातून आलेली दृष्टी या अंकांत टिकून आहे, म्हणूनच त्यांची शिफारस करावीशी वाटते. यवतमाळकडच्या एखाद्या शाळेत कपाशीची डोमकळी, म्हणजे बोंडअळी आत शिरल्याने न उमललेले फूल, काचेच्या बरणीत ठेवून, तोंडाला फडके बांधून, गुलाबी बोंडअळीचा कोष आणि कोषाचा पतंग होताना मुलांना पाहता येतो. पतंग बाहेर पडल्यावर मुले जे विचारतील, त्यासाठी गुरुजींच्या हाताशी असे वाचन हवे. एका केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या गावांतल्या, शाळांनी मिळून वर्गणी भरली आणि अंक केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठकीत, म्हणजे शिक्षण परिषदेत, वाचायला ठेवला, तरी त्याची सोय होऊ शकते.