छोट्या आयओटी डिव्हाइससाठीचे ओपन सोर्स एसडीके

आयओटी डिव्हाइस म्हणजे इंटरनेटला जोडलेलं उपकरण, आणि एसडीके म्हणजे त्याच्या आतल्या चिपवर प्रोग्राम लिहायला जे जे लागतं ते सगळं एका गाठोड्यात, म्हणजे कंपायलर, ड्रायव्हर, वायफाय-ब्लूटूथच्या लायब्ररी, नमुन्याचे प्रोग्राम आणि केलेला कोड चिपमध्ये भरायचं टूल. ओपन सोर्स असलं की त्याचा कोड कुणीही वाचावा, बदलावा, फक्त लायसन्स पाळायचं. या चिपा असतात एवढ्याशा, रास्पबेरी पाय पिकोवरच्या चिपला रॅम फक्त २६४ केबी, मोबाइलमधला एक फोटोपण त्यात मावत नाही, त्यामुळं इथं विंडोज-लिनक्सचा संसार मांडता येत नाही.

नावं बरीच आहेत. फ्रीआरटीओएस (छोट्या चिपवर चालणारी हलकी ऑपरेटिंग सिस्टीम) २००३ पासूनचं, २०१७ मध्ये अमेझॉननं सांभाळायला घेतलं. झेफर, तीपण तसलीच सिस्टीम, २०१६ पासून लिनक्स फाउंडेशनकडं आहे, शिकायला जरा जड. पिकोचा एसडीके २०२१ चा. पण स्वस्तातला बोर्ड घेतला की बहुतेक हातात येतो ईएसपी३२, म्हणजे एस्प्रेसिफ कंपनीची वायफायवाली चिप, आणि त्याचा एसडीके ईएसपी-आयडीएफ, आत फ्रीआरटीओएसच चालतं.

बेळगाव भागात याचा उपयोग बघायचा तर उसाच्या रानात बघा की. निपाणी-चिकोडीकडं मोटारीला थ्री फेज कधी रात्री येतो, मग बॅटरी घेऊन अंधारात कोण जाणार, म्हणून घरबसल्या स्टार्टर चालू करणारा डबा लोक बसवतात. आमच्या ओळखीत एकानं तसला रेडीमेड डबा घेतला, दोन वर्षांनी विकणाऱ्यानं सर्व्हर बंद केला आणि मोबाइलवरनं मोटार चालू व्हायची थांबली, आतला प्रोग्राम कुणाला मिळेना. तोच ओपन एसडीकेवर केलेला असता आणि सोर्स जपून ठेवला असता तर कॉलेजच्या पोरानंसुद्धा सर्व्हरचा पत्ता बदलून दिला असता. विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठच बेळगावात आहे, इंजिनिअरिंगच्या पोरांची इथं वानवा नाही.

रानात खरी परीक्षा विजेची. व्होल्टेज डगमगलं की चिप अर्धवट शुद्धीत चालते आणि भलतंच काही करून बसते, त्यासाठी ईएसपी-आयडीएफमध्ये ब्राउनआउट डिटेक्टर आहे, व्होल्टेज ठरलेल्या पातळीखाली गेलं की सरळ रिसेट. प्रोग्राम कुठं अडकून पडला तर वॉचडॉग, म्हणजे ठरल्या वेळात हालचाल दिसली नाही की चिप रिसेट करणारा टायमर. आणि लांबून अपडेट, म्हणजे ओटीए, यात फ्लॅशमध्ये, म्हणजे वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत, प्रोग्रामसाठी दोन जागा ठेवायच्या, जुना एकीत चालू असताना नवा दुसरीत उतरतो. नव्यानं उठून ‘मी ठीक आहे’ असं कळवलं नाही तर पुढच्या रिसेटला जुना परत येतो, पण हा रोलबॅक मेनूकॉन्फिगमध्ये, म्हणजे एसडीकेच्या सेटिंगच्या मेनूत, आपणच चालू करायचा असतो, नसेल केला तर भर पावसात खानापूरच्या पलीकडं चिखल तुडवत लॅपटॉप घेऊन जावं लागतं.

ओपन म्हटलं तरी सगळंच उघडं नसतं. ईएसपी-आयडीएफचं लायसन्स अपाची २.०, पण वायफायच्या मुख्य लायब्ररी एस्प्रेसिफ तयार बायनरी म्हणूनच देते, म्हणजे कोड न दाखवता कंपाइल केलेली फाइल. तिथं काही बिघडलं तर कोड उघडून बघता येत नाही, कंपनीच्या नव्या व्हर्जनची वाट बघायची.